मडकं वाजवून घ्यावं तसं

नेरूळच्या एका सोसायटीचे कॅमेरे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास डोळे मिटायचे. दिवसभर ठणठणीत. दिवेलागणीला चित्रं थरथरायला लागायची, पडद्यावर आडव्या रेघा धावायच्या आणि मग सोळाच्या सोळा चौकोन काळे. पाच-दहा सेकंदांनी परत यायचे, परत जायचे. सेक्रेटरींनी आधी वॉचमनला फैलावर घेतलं, मग केबलवाल्याला. उंदरांवरही संशय घेऊन झाला. शेवटी वॉचमनच्या केबिनमधली ती जाळीच्या पत्र्याची बारा व्होल्टची एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा डबा, भाजीच्या पिशवीतून कोपरखैरण्याला माझ्या भाच्याच्या दुकानात आली.

“मावशी, दिवसा चालते आणि रात्री मरते. काय समजायचं?”

“रात्री कॅमेऱ्याला जास्तीचं काम काय असतं रे?” एवढंच मी विचारलं.

मग त्याच्या लक्षात आलं. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड एलईडी लागतात. दिवसा सोळा कॅमेरे मिळून तीन अँपिअर ओढत असतील, तर रात्री आठ. तीन अँपिअर हा सप्लाय कसाबसा निभावत होता. आठ म्हटलं की त्याचं अवसान गळत होतं.

पत्रा काढला, तर बारा व्होल्टच्या बाजूचे तिन्ही कपॅसिटर डोक्याला टेंगूळ आल्यासारखे फुगलेले. त्यानं ते काढले, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पाकिटातले तीन नवे टाकले, अर्ध्या तासात काम संपलं. सोसायटी खूश. बाविसाव्या दिवशी तीच पिशवी, तीच एसएमपीएस आणि त्यात तेच तीन कपॅसिटर. परत फुगलेले.

“अगं, नवेच टाकले होते,” तो म्हणाला.

“नवे होते कशावरून?”

म्हातारी उगाच खोड काढतेय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण माझं अख्खं आयुष्य हाच प्रश्न विचारण्यात गेलंय आणि त्याचा मला पगार मिळत होता.

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स करून मी १९८९ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागले आणि २०१३ साली त्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच होते. ठाण्याहून वाशीची लोकल सुरू झाली २००४ मध्ये. तोवरची पंधरा वर्षं त्या रस्त्यावर धूळ खात बसची वाट बघण्यात गेली. माझं खातं ‘इनकमिंग’. कारखान्यात येणारा प्रत्येक सुटा भाग, मग तो रेझिस्टर असो की साधा स्क्रू, आधी आमच्या टेबलावर यायचा. आम्ही शिक्का मारल्याशिवाय स्टोअरवाला त्याला हात लावायचा नाही. आयएस २५०० नावाचं भारतीय मानक आहे. किती माल आला तर त्यातले किती नग तपासायचे, याची कोष्टकं त्यात आहेत. पाचशे कपॅसिटर आले की डोळे झाकून वेगवेगळ्या पिशव्यांतून पन्नास उचलायचे. आमच्या पातळीला पन्नासात एक खराब निघाला तर चालायचं. दोन निघाले की पाचशेच्या पाचशे परत. पन्नासाचंच पाकीट असेल तर त्यातले तेरा. ही कोष्टकं मला अजून पाढ्यांसारखी पाठ आहेत.

खात्यात आम्ही बहुतेक बायकाच होतो. मला त्यात नवल वाटत नाही. माठ घेताना टिचकी मारून नाद ऐकायचा, नारळ कानाशी धरून हलवायचा, दुधी नखानं टोचून बघायचा, हे कोणी कोर्स करून शिकत नाही. पाच रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी उलटी करून आतली पिवळी पानं बघणारी माणसं दोन हजारांच्या वस्तूत टाकायचा भाग मात्र दुकानदारानं पुडीत बांधून दिला म्हणून तसाच टाकतात, याचं मला जास्त नवल वाटतं.

हा कपॅसिटर नेमकं काय करतो, ते आपल्या गच्चीवरच्या टाकीवरून समजेल. मोरबे धरणाचं पाणी सोसायटीला चोवीस तास एकाच जोरानं येत नाही. येतं तेव्हा टाकी भरून घेते आणि नळाला दिवसभर सारखी धार देते. एसएमपीएसमध्ये वीज अशीच हप्त्याहप्त्यानं येते, फक्त तिथले हप्ते सेकंदाला पन्नास हजार, लाख एवढे असतात. दोन हप्त्यांमधली पोकळी कपॅसिटर भरून काढतो. टाकी किती लिटरची, तसा कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा. आमच्या बोलीत ‘हजार-पंचवीस’ म्हणजे हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्टपर्यंत सोसणारा.

पण टाकी मोठी असून भागत नाही. टाकीला जोडलेला पाइप क्षार धरून आतून बोटाएवढा अरुंद झाला असेल, तर वर दोन हजार लिटर पाणी असूनही सकाळी सगळे नळ एकदम सुटले की धार करंगळीएवढी. कपॅसिटरच्या आतला तो पाइप म्हणजे ईएसआर, म्हणजे त्याचा अंगचा रोध. चांगल्या जातीच्या हजार-पंचवीसचा ईएसआर ओहमच्या दोन-चार शतांशांइतका असतो. साध्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजणं म्हणजे टाकीचे लिटर मोजणं. पाइप तुंबलाय की नाही, ते त्या मीटरला कळत नाही. दहापैकी सात रिपेअरवाले इथेच फसतात. मीटर ‘नऊशे चाळीस’ दाखवतो, माणूस म्हणतो कपॅसिटर चांगलाय, आणि बिघाड शोधत दोन दिवस बोर्डभर फिरतो.

कारखाना बंद झाला तेव्हा लिलावात कुणी खुर्च्या घेतल्या, कुणी कपाटं. मी आमच्या टेबलावरचा जुना एलसीआर मीटर घेतला. घरी नेला तर यजमान म्हणाले, मिक्सर आणायला हवा होता. तो मीटर आता भाच्याच्या दुकानात आहे. त्यावर मी त्या पाकिटातला उरलेला एक कपॅसिटर लावला. कपॅसिटन्स ६४० मायक्रोफॅरड. अंगावर हजार लिहिलंय, या जातीला वीस टक्के इकडे-तिकडे माफ असतं, म्हणजे आठशे ते बाराशे. सहाशे चाळीस कुठेच बसत नाही. मग मीटर लाख हर्ट्झवर नेऊन ईएसआर बघितला: ०.३८ ओहम.

आता हिशोब करा. अशा कपॅसिटरमधून दीड अँपिअर करंट सतत आत-बाहेर करतोय असं धरू. दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले ०.३८ म्हणजे पाऊण वॅटहून जास्त उष्णता, तीही अंगठ्याच्या पेराएवढ्या बंद डबीत. चांगल्या कपॅसिटरचा ईएसआर ०.०३ धरला तर तीच उष्णता वॅटच्या सात शतांशांवर येते. म्हणजे तो बिचारा दोष होता म्हणून तापत होता आणि तापत होता म्हणून दोष वाढत होता.

मी ब्लेडनं त्याच्या अंगावरचं प्लॅस्टिकचं टरफल हलकेच चिरलं. आत ॲल्युमिनियम दिसायला हवं होतं. दिसलं दुसरं टरफल, जुनं, फिकट हिरवं. त्यावर लिहिलेलं: ६८० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, ८५ अंश. माझा मीटर खोटं बोलत नव्हता. सहाशे ऐंशीचा कपॅसिटर म्हणून तो सहाशे चाळीस अगदी रास्त होता. कोणीतरी त्याला नवा सदरा चढवून हजार-पंचवीस-एकशेपाच केलं होतं आणि छातीवर एका नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव छापलं होतं. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक, निप्पॉन केमिकॉन या नावांना बाजारात मान आहे, म्हणून नकलाही त्यांच्याच निघतात. साध्या, बिननावाच्या मालाची नक्कल करायला कोण बसेल?

त्या ८५ आणि १०५ आकड्यांकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, त्यावर दोन शब्द. कपॅसिटरच्या पोटात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजवलेला कागद, असं सगळं सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलेलं असतं. एका पट्टीवर ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. दर व्होल्टला साधारण १.४ नॅनोमीटर या मापानं तो थर वाढवतात, म्हणजे पंचवीस व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. एवढ्या थरावर सगळी मदार. तो टिकवतो आतला द्रव आणि द्रव राखतं तळाचं रबरी बूच. उष्णतेनं द्रव बुचातून हळूहळू उडून जातो. ‘एकशेपाच अंश, दोन हजार तास’ याचा अर्थ, एकशेपाच अंशाला निदान दोन हजार तास टिकेल. त्याखाली दर दहा अंशाला आयुष्य दुप्पट धरायचं. नेरूळच्या त्या केबिनवर पत्रा, मे महिना, डब्याच्या आत पासष्ट अंश सहज. एकशेपाचवाल्याला चाळीस अंशांची सवलत मिळते, दोन हजाराचे बत्तीस हजार तास होतात, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. पंच्याऐंशी अंश, हजार तासवाल्याला वीसच अंशांची सवलत; त्याचे चार हजार तास, जेमतेम साडेपाच महिने. त्यात अंगची पाऊण वॅट उष्णता मिळवा. बावीस दिवस टिकला हेच खूप.

तर नवीन कपॅसिटर हातात आला की मी काय बघते?

आधी नुसतं बघते. पाय बघते. कोऱ्या कपॅसिटरचे दोन पाय लांब-आखूड असतात, लांब तो अधिकचा. दोन्ही सारखे कापलेले असतील किंवा टोकाला कथलाचा अंश चिकटलेला असेल, तर तो भंगारातल्या बोर्डातून काढलेला माल. ऋणाची पट्टी आखूड पायाच्याच बाजूला आहे ना, तेही बघते. हसू नका, उलटी पट्टी छापलेला कपॅसिटर मी स्वतः पाहिला आहे. उलटा लागला की थर तुटतो, आत वायू होतो आणि डोक्यावरच्या त्या फुलीसारख्या खाचेतून वाफ बाहेर पडते. ती खाच नक्षी नव्हे. स्फोट होण्याआधी फाटण्यासाठी पाडलेली जागा आहे. मग टरफलाच्या कडा, छपाईची रेघ, बूच घट्ट बसलंय का, आणि नखानं टरफल फिरतंय का. मग व्हर्निअर. कंपनीच्या माहितीपत्रकात व्यास आणि उंची मिलिमीटरपर्यंत दिलेली असते. व्यास दहा, उंची वीस लिहिलंय आणि हातातला सोळाचा आहे, तर पुढचं बोलणंच नको.

मग वजन. हे आम्ही कारखान्यात करत नव्हतो, हा दुकानातला शोध. भाच्याकडे एपीएमसी मार्केटमधले वजनकाटे दुरुस्तीला येतात. मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यानं दुरुस्तीच्या पैशांऐवजी केशर तोलायचा छोटा काटा देऊन टाकला. त्यावर खात्रीचा हजार-पंचवीस २.३ ग्रॅम भरतो. सदरा बदललेला तो १.५ भरला. ॲल्युमिनियमची पट्टी आणि द्रव यांना पर्याय नाही. ते कमी टाकले की काटा सांगतोच.

त्यानंतर मीटर. आधी १२० हर्ट्झवर कपॅसिटन्स, मग लाख हर्ट्झवर ईएसआर. सगळ्यांकडे एलसीआर मीटर नसतो, आणि नसला तरी अडत नाही. हजाराच्या आतबाहेर मिळणारा साधा कंपोनंट टेस्टर ईएसआर बऱ्यापैकी दाखवतो. त्याला एक पथ्य: मोजण्याआधी कपॅसिटर रिकामा करायचा, नाहीतर टेस्टरच जळतो.

शेवटी गळती. टाकीच्या तळाला गेलेला तडा जसा, तशी कपॅसिटरची गळती, आणि ती बघायचा कंटाळा सगळ्यांनाच. रीत सोपी आहे. पंचवीस व्होल्टचा सप्लाय, मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर, पुढे कपॅसिटर. दोन मिनिटं थांबायचं. या जातीची गळती साधारणपणे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टच्या एक शतांशाइतकी माफ असते, म्हणजे हजार-पंचवीसला अडीचशे मायक्रोअँपिअर. तेवढी गळती असेल तर रेझिस्टरवर पाव व्होल्ट दिसेल. चांगल्या कपॅसिटरला मीटरचा आकडा भराभर उतरत पाच शतांश व्होल्टच्याही खाली जातो. पाच-सात वर्षं कपाटात पडलेला माल पहिल्यांदा जास्त गळतो, कारण न वापरल्यानं तो ऑक्साइडचा थर झिजतो. त्याला लगेच रिजेक्ट करू नये. याच जोडणीत कमी व्होल्टपासून हळूहळू चढवत तासभर ठेवला तर थर पुन्हा धरतो. हिवाळ्यात आखडलेल्या गुडघ्यासारखंच आहे, आधी थोडं चालवून घ्यावं लागतं.

इतकं सगळं तपासूनही फसगत होते. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत जगभर संगणकांचे मदरबोर्ड पटापट मरायला लागले होते. तैवानी बनावटीच्या बऱ्याच कपॅसिटरमधल्या द्रवातच खोट होती. द्रवातल्या पाण्यापासून ॲल्युमिनियमला वाचवणारं द्रव्य त्यात पुरेसं नव्हतं; आत हायड्रोजन होत राहायचा आणि डोकं फुगायचं. डेल कंपनीला त्यापायी २००५ साली सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. तसा एक लॉट आमच्याकडेही येऊन गेला. आकार बरोबर, ईएसआर उत्तम, गळती नगण्य. मी स्वतः शिक्का मारला. आठ महिन्यांनी ग्राहकांकडून फुगलेले सप्लाय परत यायला लागले तेव्हा मॅनेजरनी माझं रजिस्टर मागवलं. रजिस्टरात चूक नव्हती. तसला रोग पकडायचा तर नमुन्याचे नग भट्टीत एकशेपाच अंशाला कित्येक दिवस ठेवून मोजावे लागतात, आणि आमच्या इनकमिंगला भट्टी नव्हती. पुढे मिळाली. पण माझा तो शिक्का काही पुसला गेला नाही. आजही फुगलेलं डोकं दिसलं की मला रजिस्टरातलं ते पान आठवतं.

म्हणून माल कुठून घेतला हेही तपासण्यातच धरते. आपल्याकडेही कपॅसिटर बनतात. नाशिकला अल्कॉन आहे, केरळात कन्नूरला केल्ट्रॉन. पण दुरुस्तीत लागणारे पेराएवढे बहुतेक बाहेरचेच. वाशीहून कुर्ला, दादर आणि ग्रँट रोड असा दीड तासाचा प्रवास करून माणूस लॅमिंग्टन रोडला पोचतो. तिथे एकाच गाळ्यात सहा रुपयांचाही हजार-पंचवीस असतो आणि बावीसचाही. दोन्हींवर नाव तेच. बावीसचा खराच असेल असं नाही, पण सहाचा खरा कसा असेल?

एसएमपीएसच्या दुसऱ्या टोकाच्या कपॅसिटरची गोष्ट वेगळी, तिथे पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये शिरल्याबरोबर सरळ होऊन सव्वातीनशे व्होल्ट होते आणि एका जाड्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढला तरी ती तिथे राहू शकते. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साडेअकरा ज्यूल, म्हणजे किलोभर वजन मीटरभर उचलायला लागते त्याहून थोडी जास्तच ऊर्जा, आणि ती क्षणात मोकळी होते. आमच्याकडे टेस्टिंगच्या पोरांना खोड होती, असला कपॅसिटर भरून टेबलावर ठेवून द्यायचा आणि कोण उचलतंय ते बघायचं. एकदा माझ्या शेजारणीनं तो उचलला. दोन्ही पाय तिच्या सोन्याच्या पाटलीला टेकले. फटाक्यासारखा आवाज झाला आणि पाटलीला तांदळाएवढा खळगा पडला. हात वाचला. त्या दिवसापासून आम्हाला बांगड्या काढून टेबलावर बसायचा हुकूम आणि पोरांना मेमो. सवाष्णींनी बांगड्या काढायच्या म्हणून दोघी-तिघी रुसल्या. शेवटी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी घालायच्या, असा तोडगा निघाला.

तो रिकामा करायला मी होल्डरमधला शंभर वॅटचा बल्ब वापरते. दोन वायरी कपॅसिटरला लावल्या की बल्ब क्षणभर उजळून विझतो. मग मीटर लावून शून्य बघायचं आणि नंतरच हात घालायचा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे शूर वीर आमच्या गल्लीत आहेत. त्यांचे स्क्रूड्रायव्हर बघा, टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी.

तोच बल्ब पुढे सिरीजला लागतो. दुरुस्त केलेला सप्लाय थेट भिंतीत लावायचा नाही, मध्ये बल्ब ठेवायचा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि सप्लाय वाचतो. बल्ब क्षणभर चमकून मंदावला की ठीक. एलईडीच्या जमान्यात तारेचा शंभर वॅटचा बल्ब मिळणं अवघड झालंय. माझ्याकडे दोन आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून, चांदीच्या निरांजनाशेजारी.

जाडा कपॅसिटर बदलताना व्होल्ट जरा वरचेच घ्यावेत. कागदावर ४०० व्होल्टचा पुरतो. पण आमच्याकडे रात्री व्होल्टेज कधी २६० ला चढतं. त्याचं शिखर ३६८. आणि इमारतीचा न्यूट्रल तुटला तर घरात दोन फेजमधलं व्होल्टेज घुसतं, तेव्हा काहीच पुरत नाही. जागा असेल तर मी ४५० चा टाकते. मात्र ‘मोठं ते चांगलं’ म्हणून दुप्पट मायक्रोफॅरडचा टाकू नये, चालू होतानाचा झटका वाढून पुढचे डायोड आणि फ्यूज जातात. आणि प्लगच्या तोंडाशी असते ती पिवळी चौकोनी डबी आणि निळी चकती, त्यांच्या जागी दुसरं काहीही नाही. त्यांच्यावर एक्स आणि वाय अक्षरांचे सुरक्षेचे शिक्के असतात. साध्या जातीची चकती तिथे शॉर्ट झाली तर सप्लायच्या पत्र्यात वीज येते.

आणखी एक चिमुकला कपॅसिटर आहे, ज्यानं मला सर्वांत जास्त छळलंय. ४७-पन्नास. सप्लायला चालवणाऱ्या चिपशेजारी, नेमका गरम हीटसिंकला चिकटून बसलेला. यूसी ३८४२ नावाची चिप घ्या, घराघरांत आहे. सोळा व्होल्ट मिळाले की जागी होते, दहाच्या खाली गेले की झोपते. सोळापासून पुढची सोय लागेपर्यंत तिला या चिमुकल्यानं धरून ठेवायचं असतं. तो वाळला की चिप जागी होते, झोपते, जागी होते, झोपते. बाहेर नुसतं टिक-टिक-टिक. हा कधी फुगत नाही. दिसायला अगदी कोरा. माणसं चिप बदलतात, मॉस्फेट बदलतात, बोर्ड फेकतात. मी टिकटिक ऐकली की मीटरही लावत नाही, आधी तो बदलते. अर्थात नवा तपासून.

नेरूळच्या सप्लायमध्ये तीन तपासलेले कपॅसिटर आणि तो चिमुकला असे चार बदलले. सत्तर-पंच्याहत्तर रुपयांचा माल झाला. आधीचे बावीस दिवस दुकानाच्या नावावर होते म्हणून मजुरी घेतली नाही, आणि संध्याकाळी सातला मी भाच्याबरोबर केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. अंधार पडला. एकेका कॅमेऱ्याचा कट् असा बारीक आवाज झाला, चित्रं रंगीतची काळी-पांढरी झाली. मीटरवर १२.१ होते, ते १२.० झाले आणि तिथेच राहिले. वॉचमननं खुर्ची दिली. त्याच्यावर जे काही बोलून झालं होतं त्याबद्दल सेक्रेटरी काही म्हणाले की नाही, ते मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात भाचा माल आणायला गेला होता. दुपारी त्याचा फोन.

“मावशी, हा पाकीट फोडू देत नाही. म्हणतो, घ्यायचं तर बंदच घ्या.”

“मग?”

“मग काय, पुढच्या गाळ्यात आलोय. इथे पन्नासाचं पाकीट आहे. खिशातला काटा काढला तर मालक हसतोय.”

“हसू दे. किती भरलं?”

“दोन पूर्णांक तीन.”

“तेरा बघितलेस?”

“पाचवा चाललाय. पण मागे गिऱ्हाइकांची रांग लागलीय गं.”

“लागू दे,” मी म्हटलं.